शक्यतेची एक पायरी

पाऊसमापकात एक पान अडकलं होतं आणि ती ते काढत होती. छत्री मानेत आवळून धरलेली, एक पाय चिखलात, तोंडाने पानाला शिव्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, हवामानाचं बुलेटिन लिहिणारे गृहस्थ आत आहेत का? जरा गळा धरायचाय त्यांचा."

तिने वळून पाहिलं. टेकडी चढून आल्यामुळे धापा टाकणारा, नखशिखांत भिजलेला एक तरुण उभा होता. रेनकोट होता, पण उघडाच. रागाच्या भरात बटणं लावायची राहून गेली असावीत.

"कशासाठी धरायचाय?"

"कारण ऐकलंत तर तुम्हीही हातभार लावाल."

"मग धरा," ती म्हणाली. "मीच लिहिते. गृहस्थ नाहीये, पण गळा आहे."

त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग आपण काय पाहतोय ते ध्यानात येऊन घाईघाईने पाऊसमापकाकडे पाहिलं. कान लाल झाले. भांडायला आलेल्या माणसाचे कान लाल झाले की भांडण तिथेच अर्धं संपतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तो खाडीतल्या प्रवासी बोटीचा कप्तान होता. आदल्या दिवशीच्या बुलेटिनमध्ये वादळी वाऱ्याचा उल्लेख वाचून त्याने दिवसभर बोट धक्क्याला बांधून ठेवली होती. आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं होतं. खोळंबलेल्या लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

"मी पॉसिबली लिहिलं होतं," ती म्हणाली.

"तेच ते! पॉसिबली काय नि प्रॉबेबली काय. शक्यता ती शक्यता."

स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी सांगावं की मीठ काय नि साखर काय, दोन्ही पांढरंच... तसं तिला झालं. बंदरातल्या सगळ्या बोटींसाठी रोज सकाळी एकच बुलेटिन निघायचं, तेही इंग्रजीत, आणि त्यातल्या एकेका शब्दाची पायरी ठरलेली होती. वादळी वारा 'पॉसिबली' असला तर बोट सोडायची की नाही हे कप्तानाने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. 'प्रॉबेबली' असला तर प्रवासी बोट सोडायची नाही म्हणजे नाही. त्या दोन शब्दांमध्ये अख्खं बंदर चालू किंवा बंद व्हायचं. ते लिहिण्याआधी ती रोज नकाशे पुन्हा पुन्हा तपासायची, आणि हा म्हणत होता, तेच ते!

"आत या," ती म्हणाली. "चहा घ्या आणि शिका."

आत टेबलावर नकाशे पसरलेले होते. तो खुर्चीच्या टोकावर बसला, नकाशांवर पाणी टपकू नये म्हणून हात पोटाशी धरून. हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"सांगा," ती म्हणाली, "तुमच्या बोटीत आज एखादा राजा बसेल का?"

"बसू शकतो. तिकीट काढलं तर."

"ते पॉसिबली. होऊ शकतं, अशक्य नाही, बास. आता सांगा, कुणीतरी बोटीत छत्री विसरून उतरेल का?"

"रोज दोघं तरी विसरतातच!"

"ते प्रॉबेबली. बहुतेक होणारच, नाही झालं तर नवल."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे काल तुम्ही राजाबद्दल सांगितलंत, आणि मी छत्री समजून बोट बांधून बसलो."

ती हसली. किती दिवसांनी कचेरीत हसली कोण जाणे.

"आणि ते परहॅप्स म्हणतात ते?"

"परहॅप्स म्हणजे इस्त्रीचे कपडे घातलेला मेबी. मेबी घरच्या कपड्यांतला. आम्हाला दोन्ही लिहायची परवानगी नाही. ऐकणारा त्यात आपल्याला हवं तेवढं ओतून घेतो."

जाताना तो दारात थांबला. "उद्या पुन्हा येईन म्हणतो. पॉसिबली..." मग मान हलवली. "नाही, चुकलं. प्रॉबेबली."

आणि आला.

*

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. ती जात्याच घाबरट होती. घरात दादा तिला 'धडधड' म्हणायचा, कारण लहानपणापासून तिच्या छातीला हात लावला की धडधडच लागायची. दाराची कडी ती दोनदा बघायची, गॅस तीनदा. पाण्याची तर तिला अशी दहशत होती की खाडीकाठी जन्म काढूनही ती कधी बोटीत बसली नव्हती. पलीकडे जायचंच झालं तर वळसा घालून, अर्धा दिवस मोडून, बसने जायची. अशा मुलीने हवामान कचेरीत नोकरी धरावी याचं लोकांना नवल वाटे. पण तिचं म्हणणं सरळ होतं. आभाळाची भीती वाटते ना, मग निदान त्याच्यावर डोळा तरी ठेवता येतो.

कप्तान येत राहिला. कधी विसरलेली छत्री घेऊन. "ही तुमच्याकडे ठेवा, हिचा मालक प्रॉबेबली येणार नाही." कधी नुसता शब्द घेऊन.

"लाइकली कुठल्या पायरीवर?"

"प्रॉबेबलीच्याच."

"मग दोन शब्द कशाला?"

"तुम्हाला दोन बाह्या कशाला?"

"बरं. आज संध्याकाळी धक्क्यावर फिरायला याल?"

"... पॉसिबली."

"म्हणजे राजा," तो खिन्न चेहरा करून म्हणायचा आणि टेकडी उतरायचा. संध्याकाळी ती धक्क्यावर गेली की मात्र त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू खरोखरच कुणी राजा बोटीत चढला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. वहिनीच्या मात्र आलं. "हल्ली कडी एकदाच बघतेस," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "कोण आहे?"

पण कडीची भीती गेली होती ती दुसरीकडे वळली होती. पूर्वी वारा म्हणजे नकाशावरचे बाण. आता त्या बाणांखाली एक माणूस होता, रेनकोटाची बटणं न लावणारा. कचेरीच्या खिडकीतून त्याची बोट ठिपक्याएवढी दिसायची. ती पलीकडे टेकेपर्यंत हिचा चहा गार व्हायचा, परत येईपर्यंत हिचा जीव टांगणीला. तो रोज चार खेपा करायचा. तिला रोज चार मरणं यायची, आणि हे ती त्याला कधी बोलली नाही.

मग एके दिवशी तो टेकडी धावतच चढून आला.

"परीक्षा लागली! मोठ्या जहाजावरच्या परवान्याची. परीक्षक साहेब पुढच्या आठवड्यात पलीकडच्या कचेरीत येतायत. किती वर्षं वाट बघतोय मी, माहितीये?"

"अरे वा!" ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ पायाखालची जमीन थोडी सरकली. मोठं जहाज म्हणजे महिनोन्महिने समुद्र. "मग तू... जाशील?"

"पास झालो तर." तो खिडकीबाहेर बघत होता. "तुला काय वाटतं?"

काय वाटतं ते सांगायची हीच वेळ होती. ती म्हणाली, "चहा घेणार?"

*

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने नकाशे बघितले. वादळी वाऱ्याचं चिन्ह होतं, पण पुसट. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. कुठल्याही नवशिक्याने सांगितलं असतं... पॉसिबली. पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी होतं तसंच, तसूभरही जास्त नाही.

तिने लिहायला घेतलं. डोळ्यांसमोर खाडी आली, मधोमध ती बोट, आणि समजा... समजा आलाच वारा? राजा कधी येतच नाही असं कुठाय? एका पायरीचा तर प्रश्न. दिवसभर बोट बांधलेली राहील, तो किनाऱ्यावर राहील, जिवंत राहील.

तिने 'प्रॉबेबली' लिहिलं आणि बुलेटिन पाठवून दिलं.

तो दिवस असा शांत गेला की सांगता सोय नाही. खाडी शहाण्या मुलासारखी हातपाय आवरून बसून राहिली. वाऱ्याने धक्क्यावरचा कागदाचा कपटासुद्धा हलवला नाही. रस्त्याने वळसा घालून परीक्षेच्या वेळेला पोचणं शक्यच नव्हतं. कप्तान बांधलेल्या बोटीत, इस्त्रीचा सदरा घालून, संध्याकाळपर्यंत बसून होता.

ती धक्क्यावर गेली तेव्हा तो उठून उभा राहिला. चेहरा उतरलेला, पण तिला बघून हसला.

"असं तोंड पाडू नकोस. प्रॉबेबलीसुद्धा कधीतरी चुकायचाच, तूच शिकवलंस ना? वारा आला असता तर तुझ्यामुळे वाचलो असतो."

त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो विश्वासाने बोलला आणि तिच्या काळजात चर्र झालं.

त्यानंतर तिला घास गिळेना. वहिनीने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरात कोंडून विचारलं. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"मग हे त्याला सांग ना," वहिनी म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? मी कुठे बोट चालवते?"

"तो पुन्हा तोंड बघणार नाही माझं."

"प्रॉबेबली का पॉसिबली?" हे शब्द आता घरभर झाले होते.

"मला नाही कळत गं, वहिनी. पहिल्यांदाच काही कळत नाहीये."

वहिनीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला पुढे सरकवल्या.

*

दुपारची खेप संपली होती. बारीक पाऊस होता. तो एकटाच बोटीत डेक धूत होता. तिने धक्क्यावर उभं राहून, श्वास न घेता, सांगून टाकलं. नकाशावर पॉसिबली होतं. मी प्रॉबेबली लिहिलं. जाणूनबुजून लिहिलं.

त्याच्या हातातला ब्रश थांबला.

"का?"

"तू पाण्यावर असणार होतास म्हणून."

त्याने ब्रश बादलीत टाकला. मग त्याने तिच्याकडे बघितलं. ही नजर तिच्या ओळखीची नव्हती.

"वाऱ्याची भीती वाटली म्हणून? की मी पास होऊन निघून जाईन म्हणून?"

हा प्रश्न तिने स्वतःला रात्रंदिवस विचारला होता. खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या शब्दांच्या पायऱ्या तिने त्याला शिकवल्या, त्यांच्याशी पुन्हा एकदा बेइमानी करायचं तिच्याने झालं नाही.

"प्रॉबेबली... वाऱ्याची," ती म्हणाली. "पॉसिबली... दुसरी. ती नव्हतीच, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही."

"त्या दिवशी एक बाई आली होती," तो हळूच म्हणाला. "नवरा पलीकडच्या हॉस्पिटलात होता तिचा. हातापाया पडत होती. मी तिला परत पाठवलं. म्हटलं, आमची ढगवाली उगाच लिहीत नाही."

तिला भडभडून आलं. "तू मला फार आवडतोस. खूप. तुला हे तोंडावर सांगायला हवं होतं, ते मी बुलेटिनमध्ये लिहून बसले."

ज्या वाक्याची तो कितीतरी दिवस वाट बघत होता, ते ऐकायला त्याच्यात त्या क्षणी त्राण नव्हतं. "घरी जा," तो म्हणाला. "भिजशील."

घरी न जाता ती टेकडी चढून कचेरीतल्या मोठ्या साहेबांकडे गेली आणि त्यांनाही सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घाबरायला हरकत नाही, बाई," ते म्हणाले. "घाबरून लिहायला आहे." त्या दिवसापासून बुलेटिन ते स्वतः लिहू लागले. तिच्याकडे राहिली फक्त मोजमापं, आणि पाऊसमापकातली पानं काढणं.

*

तो आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. छत्र्या आल्या नाहीत, शब्द आले नाहीत. खिडकीतून ठिपका दिसायचा, जायचा, यायचा. तिने बघायचं नाही असं ठरवलं आणि सगळ्या खेपा बघितल्या. घरी ती पुन्हा दाराची कडी दोनदा बघू लागली, आणि दादाने तिला 'धडधड' म्हणायचं बंद केलं. त्याने चेष्टा थांबवली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं तिलाही कळलं.

मग एका दुपारी दारात सावली पडली. रेनकोट, उघडा.

"उद्या पलीकडच्या कचेरीत जातोय," तो म्हणाला. आत आला नाही. "परीक्षक साहेब परत आलेत. बघतो, दुसरी तारीख देतात का. उद्याचं कसं आहे?"

"मी आता लिहीत नाही."

"माहितीये. तुझ्या साहेबांकडूनच कळलं. तू स्वतः जाऊन सांगितलंस म्हणे." तो थांबला. "म्हणून तर तुला विचारतोय."

तिला रडू येणार होतं, पण आधी ती नकाशापाशी गेली. नीट बघितलं. तो बाणांखाली असणार होता, छाती नावाप्रमाणे धडधडत होती, तरी जे होतं तेच बोलली. "वाऱ्याचे जोराचे झोत येतील... पॉसिबली. त्याहून जास्त नाही."

"बरं." तो वळला.

"मी पण येते."

"कुठे?"

"तुझ्या बोटीत. परीक्षक साहेबांना सांगायला, की चूक माझी होती."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू? बोटीत?"

"हसू नकोस. आत्ताच पोटात ढवळतंय."

तो हसला नाही. पण टेकडी उतरताना त्याने बटणं लावली, आणि तीही चुकीच्या काजात.

*

झोत आले. खाडीच्या मध्यावर बोट डावीकडे कलली, मग उजवीकडे, आणि ती कठडा दोन्ही हातांनी कवटाळून देवाची माहीत असतील तेवढी नावं घेऊ लागली. मग नावंही थांबली, कारण तोंड दुसऱ्या कामात गुंतलं. शेजारच्या मावशींनी तिची पाठ चोळली आणि सुकाणूकडे बघून ओरडल्या, "अहो कप्तान, जरा हळू! पोरगी पांढरीफटक पडली!"

"लांब बघ!" तो तिकडून ओरडला. "पाण्यात नको, पलीकडच्या काठाकडे बघ!"

ती काठाकडे बघत राहिली, आणि काठ एकदाचा आला.

परीक्षक साहेबांसमोर उभी राहिली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते, ओढणी ओली होती आणि आवाज कापत होता. पण तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. "त्यांनी नियम पाळला, साहेब. नियम मी मोडला. त्याची शिक्षा त्यांना नको."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बाहेर बसा. बघू."

बाहेरच्या बाकावर दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून ते बसले.

"'बघू' कुठल्या पायरीवर?" त्याने विचारलं.

"पॉसिबलीच्याही खाली. तळघरात."

तो हसला. खूप दिवसांनी हसला. मग गंभीर झाला. "तारीख मिळाली तर मी पास होईन. आणि पास झालो तर जाईन. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"तरी आलीस."

"तुझी परीक्षा आहे ती. माझ्या भीतीची नाही." आणि मग, खरं ते खरं म्हणून, "भीती आहेच. तू गेलास की रोज जगभरातले नकाशे बघत बसेन मी. पण तू बांधलेल्या बोटीत इस्त्रीचा सदरा घालून बसला होतास ना, ते मला पुन्हा नाही बघवणार."

त्याने सरकून मधलं अंतर कमी केलं. त्याचा हात खरखरीत होता, दोरांमुळे, आणि गरम.

दार उघडलं. कारकुनाने डोकं बाहेर काढलं. "महिनाअखेर या. आणि हवामानाची सबब पुन्हा चालायची नाही, असं साहेबांनी बजावलंय."

त्याने तिला उचलायचंच बाकी ठेवलं. ती हसत होती, आणि हसता हसता डोळे भरून येत होते, दोन्ही एकदम.

धक्क्यावर परतीचे प्रवासी बोटीत चढत होते. तो थबकला.

"तू बसने जा. वळसा पडेल, पण निदान पायाखाली जमीन राहील. काय म्हणतं आभाळ?"

तिने वर बघितलं. "वारा आणखी वाढेल."

"पॉसिबली?"

"प्रॉबेबली. बोट बंद ठेवण्याएवढा नाही. माझे हाल करण्याएवढा आहे."

"मग बसने जा ना, बाई!"

ती बोटीला लावलेल्या फळीवर चढली. फळी हलली, तिचा रंग उडाला, तिने कठडा पकडला आणि तिथूनच वळून विचारलं, "जहाजावरून परत आलास की माझ्याशी लग्न करशील?"

तो आ वासून बघत राहिला. "हे... अगं, हे मी विचारणार होतो."

"कधी?"

"म्हणजे... प्रॉबेबली..."

"तसलं काही नको. हो की नाही, तेवढं सांग. लोक खोळंबलेत."

"हो!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की बोटीच्या शेवटच्या बाकावर झोपलेले एक आजोबा दचकून उठले आणि विचारू लागले, काय झालं, वादळ आलं का?

"नाही हो आजोबा," ती म्हणाली आणि कठडा न सोडता खाली बसली. "आमचं लग्न ठरलं."

त्याने दोर सोडला.